शीटमध्ये आखे दाणे दिसले की: पोपटवर्गीय पक्ष्यांत बोर्नाव्हायरस कसा शोधावा

"डॉक्टर, खाते तर दिवसभर, मंग सुकून काहून राह्यली?" कॉकाटीलचा पिंजरा टेबलावर ठेवत काकूंनी विचारले. पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्र होते आणि त्यावर शीट पडलेली. शीटमध्ये राळ्याचे नि बाजरीचे दाणे, जसे गिळले तसेच बाहेर आलेले. पाखरू काट्यावर ठेवले तर ७१ ग्रॅम. याच काकूंनी सहा महिन्यांपूर्वी आणले तेव्हा ते ९२ ग्रॅम होते.

खाल्लेले अंगी लागत नाही, आखे दाणे पडतात, पाखरू दांडीवरून तोल जाऊन खाली येते. ही तीन लक्षणे एकत्र आली की हल्ली पक्षी पाळणारे मोबाइलवर शोधतात आणि थेट 'बोर्ना टेस्ट करून द्या' म्हणत येतात. नागपुरात पक्षी बघणारे तरुण पशुवैद्य, विषाणूशास्त्रात पदव्युत्तर काम करणारी मुले आणि वीस-पंचवीस पिंजरे सांभाळणारे हौशी, या तिघांना डोळ्यांपुढे ठेवून ही रीत लिहिली आहे. चाचणी करणे अवघड नाही. पण हा विषाणू असून सापडत नाही आणि नसताना सापडतो. सगळी मेहनत या दोन चुका टाळण्यात जाते.

विषाणूची तोंडओळख, कामापुरती

बोर्ना हे जर्मनीत सॅक्सनी प्रांतातले, लाइपझिगजवळचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या घोडदळाच्या घोड्यांत मेंदूच्या आजाराची साथ आली आणि गावाचे नाव आजाराला चिकटले. नागपूरकरांना याचे नवल वाटू नये. १९६५ मध्ये आपल्याच भागातल्या चांदिपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा झाला आणि जगभर तो चांदिपुरा व्हायरस म्हणूनच ओळखला जातो. हे दोघे एकाच गणातले, मोनोनेगाविरालीसमधले. रेबीज आणि कुत्र्यांचा डिस्टेंपरही त्याच गणात येतात. सगळ्यांचा आरएनए, म्हणजे ज्यावर त्यांची जनुके लिहिलेली असतात तो धागा, एकेरी, अखंड आणि उलट्या अर्थाचा असतो, म्हणजे पेशीला तो थेट वाचता येत नाही.

बोर्नाचा वेगळेपणा असा की रेबीज किंवा चांदिपुरा पेशीद्रवात वाढतात, हा मात्र पेशीच्या केंद्रकात जाऊन बसतो. त्याचा जनुकसंच जेमतेम ८,९०० अक्षरांचा. पेशीला न मारता तो तिथे वर्षानुवर्षे राहू शकतो. नुकसान होते ते बहुतांशी पक्ष्याच्या स्वतःच्या प्रतिकारपेशी विषाणू बसलेल्या मज्जातंतूंच्या पेशींवर तुटून पडतात तेव्हा. म्हणून विषाणू बाळगणारा पक्षी ठणठणीत असू शकतो. हे वाक्य डोक्यात पक्के बसवा. पुढे निकाल वाचताना त्याचीच गरज पडेल.

मकाव पोपटांचा खंगण्याचा आजार १९७० च्या दशकापासून माहीत होता. त्यात प्रोव्हेन्ट्रिक्युलस, म्हणजे दाणे भरडणाऱ्या गिझर्डच्या आधीचे मऊ जठर, फुगते आणि ढिले पडते. त्याच्या मुळाशी बोर्नाकुळातला विषाणू आहे, हे २००८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. आज पोपटांमधले १ ते ८ असे प्रकार माहीत आहेत आणि पाळीव पोपटांत २ व ४ जास्त आढळतात. कॅनरी, फिंच, हंस-बदके यांचे प्रकार वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियातल्या कार्पेट अजगरांत आणि माशांतही या कुळाचे दूरचे भाऊबंद सापडले आहेत.

पायरी १: आधी साधे आजार बाद करा

बोर्नाची चाचणी महाग आणि निकाल संदिग्ध. म्हणून आधी स्वस्तातले उरकून घ्या.

पहिले वजन. किचनमधला ग्रॅमचा काटा चालतो. रोज सकाळी, दाणे घालण्याआधी, आठवडाभर. पक्ष्याला पिसे असतात, त्यामुळे डोळ्यांना उशिरा कळते. मूळ वजनाच्या दहा टक्के घट म्हणजे पाखरू गंभीर आजारी समजायचे.

दुसरे, ताज्या शीटचा थेंब सलाइनमध्ये कालवून काचपट्टीवर घ्या आणि ४०० पट मोठा करून बघा. लांब, सरळ, काडीसारखे जीव दिसले तर ती जठरातली बुरशी, मॅक्रोऱ्हॅब्डस. कॉकाटील आणि बजरीगार, ज्यांना आपल्याकडे सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात, त्यांच्यात ही फार. लक्षणे हुबेहूब तीच: खाऊन खंगणे, आखे दाणे, उलट्या. शीट ताजीच हवी. संध्याकाळी पडलेली सकाळी बघून उपयोग नाही.

तिसरे, पिंजरा हाताने तपासा. लोहाओळीतून गॅल्व्हनाइझ्ड जाळी आणून घरीच पिंजरा वेल्ड करणारे बरेच आहेत. नव्या जाळीवरचे जस्ताचे कण पक्षी चोचीने खरवडून खातो. जस्त आणि शिसे दोन्ही जठराची हालचाल मंदावतात आणि झटकेही आणतात. एक्स-रेमध्ये धातूचे कण चमकतात.

त्याच आडव्या एक्स-रेवर आणखी एक माप घ्या: प्रोव्हेन्ट्रिक्युलसचा व्यास भागिले छातीच्या हाडाच्या धारेची उंची. ०.४८ च्या खाली आले तर जठर फुगलेले नाही, ०.५२ च्या वर गेले तर काहीतरी बिघडले आहे. हे 'काहीतरी' काय ते एक्स-रे सांगत नाही.

पायरी २: पक्षी कुणाचा, कुठला

आपला कंठवाला हिरवा पोपट घेऊन कुणी आले तर आधी कायदा सांगा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो घरात पाळता येत नाही. उपचार करा, पण पुढची वाट वनविभागाकडे जाते. नागपुरात सेमिनरी हिल्सवर त्यांचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. अशा पक्ष्यांचे संशोधनासाठी नमुने घ्यायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी हवी. परदेशी जातींपैकी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या (साइटिस) याद्यांतल्या पक्ष्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर करावी लागते. कॉकाटील आणि बजरीगार त्या याद्यांत नाहीत, मकाव आणि आफ्रिकन ग्रे आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी संस्थेच्या प्राणी-नीती समितीचे आणि जैवसुरक्षा समितीचे कागद नमुना घेण्याआधी हातात घ्यावेत. नंतर मागच्या तारखेने ते होत नाहीत, आणि होत असतील तर करू नयेत.

पायरी ३: जिवंत पक्ष्याचा नमुना

मास्क आणि हातमोजे घाला. पोपटांच्या बोर्नाने माणूस आजारी पडल्याची नोंद नाही, पण पोपटाच्या शीटमधून सिटॅकोसिस हा जिवाणूंचा आजार होतो आणि तो फुफ्फुसाला धरतो. भीती बाळगायचीच तर त्याची बाळगा.

पक्षी टॉवेलमध्ये असा धरा की मान अंगठा आणि तर्जनीत येईल, छातीवर दाब अजिबात पडणार नाही. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छाती हलली नाही तर श्वास बंद. मे महिन्यात हे काम सकाळी नऊच्या आत उरका. घाबरलेले पाखरू उन्हाच्या खोलीत हातातच मान टाकते.

स्वॅब पातळ, प्लॅस्टिक काडीचा, पॉलिएस्टर किंवा फ्लॉक्ड टोकाचा घ्या. लाकडी काडी नको, तिच्यातले पदार्थ पीसीआर, म्हणजे जनुकाचा तुकडा अनेक पटींनी वाढवून ओळखणारी चाचणी, दाबतात. जंतू वाढवण्यासाठी मिळतो तो जेल भरलेला स्वॅबही नको. आधी टाळूच्या फटीत फिरवा, मग क्लोअकात, म्हणजे शीट बाहेर पडते त्या दारात. एकच स्वॅब वापरत असाल तर हा क्रम उलटा कधीही करू नका.

छातीवरची तीन-चार वाढती पिसे मुळासकट उपटून वेगळ्या ट्यूबमध्ये ठेवा. पिसाच्या देठाच्या तळाशी असलेल्या ओल्या भागातही विषाणूचा आरएनए मिळतो. मात्र पिसावर शेजारच्या पिंजऱ्यातली धूळ बसलेली असते. वीस कॉकाटील एका खोलीत असतील तर पीस कुणाचे आणि धूळ कुणाची, हा प्रश्न उरतोच.

रक्त घ्यायचे तर मानेच्या उजव्या शिरेतून. शरीराच्या वजनाच्या एक टक्का ही वरची मर्यादा, म्हणजे ९० ग्रॅमच्या पाखराला ०.९ मिली. आजाऱ्याला ०.२ ते ०.३ मिलीवर थांबा. प्रतिपिंडांसाठी सीरम वेगळे काढा.

आता महत्त्वाचे. बाधित पक्षी विषाणू रोज बाहेर टाकत नाही. आज टाकेल, पंधरा दिवस गप्प बसेल. एका स्वॅबवर 'निगेटिव्ह' लिहून मालकाला घरी पाठवणे म्हणजे त्याची फसवणूक आहे. आठवड्याच्या अंतराने तीन ते चार नमुने घ्या आणि पैसे कमी असतील तर ते एकत्र करून एकच चाचणी लावा. पाळणाऱ्यांना मी हे पहिल्याच भेटीत सांगते, कारण तिसऱ्या फेरीला सांगितले की त्यांना वाटते डॉक्टर खर्च वाढवते आहे.

पायरी ४: नागपूरचे ऊन

आरएनए नाजूक. आपल्या हाताच्या त्वचेवर, शीटमध्ये, धुळीत त्याला तोडणारी विकरे असतात आणि उष्णता त्यांना बळ देते. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. सक्करदऱ्याहून सेमिनरी हिल्सपर्यंत स्कूटरच्या डिकीत ठेवलेला नमुना पोहोचतो तेव्हा त्यात विषाणूचे तुकडेही शिल्लक नसतात. निकाल निगेटिव्ह येतो आणि तो खरा वाटतो, हीच पंचाईत.

उपाय दोन. स्वॅबचे टोक लगेच आरएनए टिकवणाऱ्या द्रावात किंवा पेशी फोडणाऱ्या लायसिस बफरमध्ये तोडून टाका. मग नमुना उन्हाला बराच दाद देत नाही. नाहीतर लसी नेण्याचा व्हॅक्सिन कॅरियर घ्या, जो प्रत्येक पशुवैद्याकडे असतोच. गोठवलेले आइसपॅक, मध्ये कागद, त्यावर ट्यूब. साध्या फ्रीजच्या तापमानाला दिवसभर ठेवायला हरकत नाही, त्याहून जास्त राहणार असेल तर उणे ८० अंश. घरगुती फ्रीझरचा बर्फ न जमू देणारा प्रकार अधूनमधून गरम होतो, नमुना पुन्हा पुन्हा विरघळतो. ते नकोच.

बाहेरगावी पाठवायचा तर तीन थरांत बांधा: गळती न होणारी ट्यूब, शोषक कागदासह दुसरी बंद पिशवी, आणि बाहेर कडक खोका, ज्यावर 'जैविक पदार्थ, वर्ग बी, यूएन ३३७३' ही खूण. पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी सोडा. शुक्रवारी सोडलेले पार्सल शनिवार-रविवार कुरियरच्या गोदामात भाजून निघते.

पायरी ५: लॅबमधले टेबल

इथे मी माझी गोष्ट सांगते. काकूंच्या कॉकाटीलचा पहिला निकाल पॉझिटिव्ह आला. मी फोन उचलला होता, नंबर दाबायचा बाकी होता. शेजारच्या सहकारी म्हणाल्या, "कोरा बघितलास का?" कोरा म्हणजे नुसते पाणी घातलेली ट्यूब. तीही पॉझिटिव्ह होती. त्या आठवड्यात कुणीतरी पॉझिटिव्ह नियंत्रणाची, म्हणजे विषाणूचा अंश मुद्दाम घातलेली ट्यूब आणि नमुन्यांच्या ट्यूबा एकाच कपाटाखाली उघडल्या होत्या. ते 'कुणीतरी' मीच असण्याची शक्यता मोठी आहे.

या विषाणूच्या इतिहासात हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर झाली. १९८५ मध्ये मानसिक आजाराच्या रुग्णांत बोर्नाची प्रतिपिंडे सापडल्याचे प्रसिद्ध झाले. १९९० च्या दशकात अनेक लॅबना माणसांच्या रक्तात त्याचा आरएनए 'सापडू' लागला. पुढे त्या आरएनएच्या अक्षरांच्या क्रमवाऱ्या त्याच लॅबमधल्या प्रायोगिक विषाणूंशी जुळत असल्याचे दिसले. २०१२ मध्ये १९८ रुग्ण आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या १९८ निरोगी व्यक्तींची तुलना झाली आणि संबंध आढळला नाही. याउलट माणसातला खरा संसर्ग सिद्ध झाला तो वेगळ्या वाटेने. २०१५ मध्ये जर्मनीतल्या, खारी पाळणाऱ्या तिघांच्या मृत्यूमागे खारींमधला एक नवा बोर्नाव्हायरस असल्याचे प्रसिद्ध झाले आणि २०१८ मध्ये एका दात्याचे अवयव मिळालेल्या तिघांना मेंदूज्वर झाल्याचे. तिथे मेंदूच्या छेदात विषाणू रंगवून दाखवला, क्रमवारी जुळवली, प्रतिपिंडे दाखवली. एकट्या पीसीआरवर कुणी बसले नाही.

तर टेबलाची शिस्त अशी. मिश्रण बनवायची खोली, आरएनए काढायची खोली आणि पीसीआर चालवायची खोली वेगळ्या. जायचे एकाच दिशेने. पीसीआरच्या खोलीतला एप्रन पहिल्या खोलीत नाही, वहीसुद्धा नाही. जागा नसेल तर निदान वेगळी कपाटे, वेगळी पिपेटे आणि फिल्टरवाली टोके. प्रत्येक फेरीत या पाच ट्यूबा असायलाच हव्यात:

– आरएनए काढताना नमुन्याऐवजी बफर घातलेला कोरा,
– पीसीआरचा पाण्याचा कोरा,
– रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणारे विकर, न घातलेली ट्यूब,
– पक्ष्याच्या स्वतःच्या जनुकाची तपासणी, उदाहरणार्थ बीटा-अॅक्टिन,
– पॉझिटिव्ह नियंत्रण, शक्यतो कृत्रिम आणि मुद्दाम एक खूण बदललेले, म्हणजे ते सांडले तर क्रमवारीत ओळखू येते.

पक्ष्याचे जनुक दिसले नाही तर निगेटिव्ह निकालाला अर्थ नाही. तो नमुना उन्हात मेलेला आहे. तिसरी ट्यूब का, तर बोर्नाचे जुने तुकडे अनेक प्राण्यांच्या डीएनएतच कोरलेले आहेत. माणसाच्याही डीएनएत ते आहेत, हे २०१० मध्ये दाखवले गेले. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजशिवायही पट्टी, म्हणजे पॉझिटिव्हची खूण, आली तर तुम्ही विषाणू बघत नाही, डीएनए बघत आहात. सरसकट क्रमवारी लावून नवा विषाणू सापडल्याच्या आनंदात असलेल्या विद्यार्थ्यांनी ही ट्यूब आधी बघावी.

प्राइमर, म्हणजे पीसीआरला नेमका तुकडा दाखवणाऱ्या छोट्या जोड्या, एम आणि एन जनुकांवरचे घ्या. त्या टोकाकडच्या जनुकांच्या प्रती पेशीत जास्त बनतात. एकाच जोडीवर विसंबू नका: २ व ४ ओळखणारी जोडी ५ व ६ ला चुकवू शकते. टेबल पुसायला ताजे ब्लीच वापरा, मात्र ग्वानिडीन असलेल्या लायसिस बफरच्या कचऱ्यात ब्लीच कधीही ओतू नका, विषारी वायू निघतो. ब्लीचची बाटली आणि त्या कचऱ्याचा डबा एकाच खणात ठेवलेला मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे.

पॉझिटिव्ह पट्टी आली की ती क्रमवारीला पाठवा आणि जेनबँक या जनुकक्रमांच्या खुल्या साठ्यातल्या नोंदींशी ताडून बघा. ती तुमच्याच नियंत्रणाशी अक्षरशः जुळली तर फोन खाली ठेवा.

पायरी ६: निकाल वाचणे

आजारी पक्षी, फुगलेले जठर, बुरशी नाही, धातू नाही, दोन वेगळ्या दिवशीचे स्वॅब पॉझिटिव्ह आणि प्रतिपिंडे भरपूर: बोर्नाचा आजार असल्याचे लिहा. पक्षी धडधाकट आणि एक स्वॅब पॉझिटिव्ह: फक्त 'विषाणू आढळला' इतकेच लिहा, आजाराचे नाव घालू नका. पक्षी आजारी आणि चार स्वॅब निगेटिव्ह: दुसरे कारण शोधा, पण बोर्ना खोडू नका.

विषाणू काढून टाकणारे औषध नाही, लसही नाही. दाह कमी करणारी औषधे दिली जातात, त्यांच्या फायद्यावर एकमत नाही आणि कॉकाटीलवरच्या एका प्रयोगात मेलॉक्सिकॅमने बिघडल्याचेच दिसले. मऊ, पचायला हलके खाणे, शांत जागा आणि रोजचे वजन, एवढे मात्र नक्की करता येते. पॉझिटिव्ह पक्षी वेगळा ठेवा, त्याची अंडी उबवू नका, त्याची भांडी शेवटी धुवा. विषाणूला चरबीचे आवरण आहे, साबण आणि ऊन दोन्ही त्याला मारतात. हे मात्र आपल्याकडे फुकट आहे. सुदृढ प्रौढ कॉकाटीलना तोंडावाटे-नाकावाटे विषाणू देऊन बघितला तेव्हा लागण झाली नाही, तेव्हा शेजारच्या पिंजऱ्यातले सगळे पक्षी मारून टाकायची घाई कुणी करू नये. तशी विनंती घेऊन आलेला एक पाळणारा मला भेटला आहे.

काकूंच्या पाखराचे पुढे काय झाले? नवे मिश्रण, नवी खोली, तीन आठवडे तीन स्वॅब, तिन्ही निगेटिव्ह आणि कोरे खरोखर कोरे. आणि शीटच्या थेंबात, जी मी पहिल्या दिवशी वेळ नाही म्हणून बघितली नव्हती, मॅक्रोऱ्हॅब्डसच्या काड्या खच्चून भरलेल्या. तोंडावाटे अॅम्फोटेरिसिन सुरू केले. आता ८६ ग्रॅम आहे.

घोडे, कुत्री घेऊन येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सस्तन प्राण्यांतला मूळचा बोर्ना रोग जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि लिक्टेनस्टाइन या पट्ट्यातला आहे आणि त्याचा साठा एका चिचुंद्रीत असतो. इथे तोल जाणारा कुत्रा किंवा घोडा आला तर आधी रेबीज धरून चाला, कुत्र्यात डिस्टेंपर बघा. लस न घेता अशा प्राण्याची कवटी उघडू नका.

पायरी ७: पक्षी गेला तर

शवविच्छेदनात मिळणारी माहिती कुठल्याही स्वॅबपेक्षा मोलाची. मेंदू, डोळा, मज्जारज्जू, अन्नपिशवी, प्रोव्हेन्ट्रिक्युलस, गिझर्ड, हृदय आणि अॅड्रिनल ग्रंथी. प्रत्येकाचा एक तुकडा दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, उतीच्या दहापट द्रावात, आणि दुसरा ताजा तुकडा उणे ८० ला. जठराचा छेद असा घ्या की भिंतीतल्या मज्जातंतूंच्या गाठी त्यात येतील. तिथे जमलेल्या प्रतिकारपेशी हीच या आजाराची सही. फॉर्मॅलिनची बरणी आणि ताज्या तुकड्यांची डबी एका खोक्यात पाठवू नका.

मेलेला पक्षी लगेच पाण्यात आणि साबणाच्या एका थेंबात भिजवा म्हणजे पिसे बसतात आणि अंग लवकर गार होते. मग पिशवीत बांधून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, भाजीजवळ नाही, आणि चोवीस तासांत आणा. फ्रीझरमध्ये नको. गेल्या उन्हाळ्यात एक काका सन कोन्युअर जातीचा पोपट घेऊन आले. पाखरू आदल्या शनिवारी गेले होते आणि त्यांनी मायेने ते बर्फाच्या कप्प्यात ठेवले होते, खराब होऊ नये म्हणून. दगडासारखे गोठलेले. विरघळल्यावर मेंदू पातळ झाला होता, आणि छेदात बर्फाच्या कणांनी पाडलेल्या भोकांशिवाय काही दिसले नाही. फ्रीझर नको हे मी त्यांना आधी सांगितले नव्हते.